हिरव्या काठाची वायर

मास्तर विहाराच्या ओल्या फरशीवर आडवे पडले होते. वायरचं एक टोक त्यांच्या उजव्या मुठीत होतं आणि दुसरं भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डात. मूठ उघडत नव्हती. तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. त्या वायरला हिरवा काठ मी शिवला होता. तिची दोन्ही टोकंही मीच बसवली होती.

हे आधीच सांगून टाकते, कारण मुर्री गावात अजून लोक वेगळं सांगतात.

मास्तर माझे भाडेकरू. फुलचूरला माझ्या घराची रस्त्याकडची खोली त्यांच्याकडे नऊ वर्षं होती. शाळेत त्यांनी कधी कोणाला शिकवलं नाही. ते बास वाजवायचे, म्हणून लोक मास्तर म्हणायचे. चार जाड तारांची गिटार, तिचा आवाज वाढवणारी एक मशीन आणि कपाटाएवढा काळा बॉक्स घेऊन ते ऑटोतून उतरले, तेव्हा मी विचारलं, "फ्रीज कोणत्या कंपनीचा जी?"

"फ्रीज नाई जी बाई. याच्यातून आवाज निघते."

संध्याकाळी निघाला. माझ्या फळीवरचे सगळे डबे थरथरायला लागले. मी जाऊन दारात उभी राहिले आणि म्हटलं, "बंद करा. माहे डबे खाली येऊन राहिले." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अनवाणी उभे होते, एक हात भिंतीला लावलेला, डोळे मिटलेले. मग म्हणाले, "बाई, तुमच्या फळीवरचा एक डबा ढिला हाय. झाकण बसत नाई त्याचं. डावीकडून तिसरा असंल."

मी जाऊन पाहिलं. साखरेचा डबा होता. झाकण खरंच ढिलं होतं आणि आत मुंग्या होत्या. त्या झाकणामुळे मी त्यांना ठेवून घेतलं असं नाही. दुसरा भाडेकरू मिळत नव्हता.

माणूस उंच आणि लुकडा. बालाघाटकडचा, त्यामुळे बोलण्यात निम्मी हिंदी. वाजवताना पायात चप्पल नाही, थंडीतही नाही. बास कानाने ऐकायचाच नसतो, पायाने ऐकायचा असतो, असं त्यांचं म्हणणं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, लग्नात, जयंतीला, जिथे गाण्याची पार्टी बोलावली जायची तिथे हे मागे कोपऱ्यात उभे असायचे आणि त्यांच्याकडे कोणी बघायचं नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं. गाणाऱ्या बाईच्या माइकचं काय झालं, ढोलकीवाला कुठे चुकला, याची त्यांना पर्वा नसायची. त्यांना एकच चिंता, वायर. कार्यक्रम चालू असताना मध्येच वाकून मशीनपासून बॉक्सपर्यंत गेलेल्या वायरला हात लावून बघायचे, आपण तापातल्या लेकराचं कपाळ बघतो तसं. गार लागली की परत उभे. कोमट लागली की चेहरा पडायचा.

"वायर तापली म्हणजे आवाज रस्त्यातच मेला, बाई. बॉक्सपर्यंत पोचलाच नाई."

मी चौथी शिकले. आठव्या वर्षापासून विड्या वळत होते, मग शाळा सुटली आणि विड्याच राहिल्या. एका दुपारी मी ओसरीवर पानं कापून वळत बसले होते. मास्तर खोलीच्या दारात एक वायर सोलून बसले होते. तांब्याच्या बारीक तारांचा झुपका बाहेर आला होता. तो ते पिळायचे आणि दोन तारा बाहेर राहायच्या. पुन्हा सोडायचे, पुन्हा पिळायचे. मग त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. बराच वेळ बघत राहिले. मला राग आला.

"काऊन जी? कधी विडी पाहिली नाई का?"

"विडी पायली. बोटं नाई पायली." ते वायर घेऊन माझ्याजवळ आले. "हे जरा वळून पाहा. एकबी तार बाहेर नाई राहिली पायजे."

मी वळलं. त्यात काय आहे? पानात जर्दा भरून वळायचा, तो हलका, पळणारा. तांबं तरी जागेवर राहतं. मास्तरांनी तो पीळ उन्हात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि खिशातून रुमाल काढून डोळे पुसले. खरंच पुसले. मला वाटलं माणूस डोक्याने कमी आहे.

मग ते शिकवायला लागले. टोकाला रांगा, म्हणजे वितळवलेलं कथील, लावायचा नाही. दुकानदार सगळे लावतात, दिसायला चकचकीत दिसतं. पण पिनेतल्या पेचाखाली, स्क्रूखाली, रांगा दाबला की हळूहळू बसतो, पेच ढिला होतो, ढिल्या जागी गरम होतं. नुसतं तांबं, घट्ट पिळलेलं, पेचाखाली सरळ. त्या दिवसापासून त्यांच्या सगळ्या वायरींची टोकं मी वळली. बदल्यात ठरलं की मी दुपारी आडवी झाले की मशीन बंद.

दिसायला वायरी सगळ्या काळ्याच. गिटारपासून मशीनपर्यंत येते ती वेगळी आणि मशीनपासून बॉक्सपर्यंत जाते ती वेगळी, हे मला आधी माहीत नव्हतं. मास्तरांनी एकदा दोन्ही ब्लेडने मधोमध कापून माझ्यासमोर ठेवल्या. गिटारच्या वायरीत केसासारखी एकच तार आणि भोवती जाळी. बॉक्सच्या वायरीत जाड जाड दोन. "गिटारची वायर म्हणजे कानात सांगायची गोष्ट," ते म्हणाले. "बॉक्सची वायर म्हणजे डोक्यावरचा भारा. कानात सांगणाऱ्याच्या डोक्यावर भारा दिला तं मान मोडते." त्यांची पहिली मशीन अशीच गेली होती. नागपूरच्या एका पार्टीत असताना कोणीतरी घाईत गिटारची वायर बॉक्सला लावली. ती वितळली, आतल्या आत चिकटली, मशीन जळाली. ही गोष्ट त्यांनी मला निदान वीस वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी वायर लावणारा माणूस वेगळा होता. शेवटी शेवटी तर नवरदेवच होता.

तेव्हा मी म्हटलं, ओळखू येत नाही तर खूण करा. माझं एक हिरवं लुगडं जुनं झालं होतं. त्याचा काठ कापून मी बॉक्सच्या प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना वीतभर शिवून दिला. मास्तरांना तो इतका आवडला की जाईल तिथे दाखवत सुटले. "हिरवा काठ दिसला म्हणजे बॉक्सची वायर. डोळे मिटून हात लावा." मंडपवाले हसायचे. म्हणायचे, मास्तरने वायरीले लुगडं नेसवलं.

वायर घ्यायला मी त्यांच्यासोबत एकदाच गेले, गोंदियाच्या बाजारात. पुन्हा जाणार नाही असं तिथेच ठरवलं. शेटने बंडल समोर टाकलं. मास्तरांनी खिशातून ब्लेड काढलं, टोक सोललं, एक तार वेगळी केली आणि तिला खरवडायला लागले.

"सेठ, ये तांबा नहीं है. तांबे का रंग है. अंदर सफेद है."

"मास्टर, आपको गाना बजाना है कि मंगलसूत्र बनाना है?"

"मोटी, अडीच की दिखाओ. असली."

"पतली, डेढ की ले जाओ ना. सब ले जाते हैं."

"सब का बॉक्स छोटा है."

शेटने तीन बंडलं काढली. मास्तरांनी तिन्ही खरवडली. मागे गिऱ्हाइकं उभी राहिली. एक बाई पंख्याचं रेग्युलेटर घेऊन परत गेली. शेवटी एक बंडल पसंत पडलं. शेटने विचारलं, किती मीटर? मास्तरांनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "इतना."

शेट माझ्याकडे वळला. "अम्मा, एक घंटा हो गया. इतने के लिए?"

मी म्हटलं, "मला कायले विचारता जी? मी तं घरमालकीण आहो."

बाहेर आल्यावर मी त्यांना बोलले. एवढ्याशा वायरीसाठी माझी सकाळ गेली. मास्तर म्हणाले, लांब वायर आळशी माणसाची. मशीन बॉक्सच्या शेजारी ठेवायची, वायर आखूड आणि जाड. एवढं बोलून त्यांनी ती वायर नातवासारखी खांद्यावर घेतली आणि फुलचूरपर्यंत चालत आले. मी ऑटोने आले.

आता पिनांचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे.

आपल्याकडे मंडपवाले बॉक्सच्या वायरीला काय लावतात? लाइटची दोन दांड्यांची पिन. टेबलफॅनला असते तीच. स्वस्त, कुठेही मिळते, तुटली तर इस्त्रीची काढून लावता येते. बॉक्सच्या मागेही लाइटचंच सॉकेट बसवतात. मी लहानपणापासून असंच पाहिलं. मास्तरांना ती पिन दिसली की त्यांचं जेवण जायचं नाही. बोदलकशाजवळच्या एका गावात लग्नात कोणीतरी अशी बॉक्सची पिन सरळ लाइटच्या बोर्डात घातली होती. बॉक्समधून एकच मोठा आवाज आला आणि मग धूर. नवऱ्या मुलाची आई अपशकून झाला म्हणून रडत बसली. मास्तर मात्र रडले बॉक्ससाठी.

दुसरी पिन गिटारची, लांब, गोल, टोकाला बोंडासारखी. तिला जॅक म्हणतात. मास्तर म्हणायचे, ती गिटारलाच ठीक. तिचं सगळं लोखंड उघडं, हात लावला की करंट लागला. बॉक्ससाठी त्यांना एकच पिन चालायची, निळ्या काळ्या प्लास्टिकची, आत घालून फिरवली की टक्क करून बसणारी. तिचं दुकानातलं नाव मला कधी जमलं नाही. मी फिरकी म्हणायची, मग तेही फिरकीच म्हणायला लागले. तिचं तांबं आत लपलेलं असतं, ओढली तरी निघत नाही, आणि मुख्य म्हणजे ती लाइटच्या बोर्डात जातच नाही. "ज्या पिनेले बोर्डात जागा हाय, ती माह्या वायरीले नाई," हे त्यांचं रोजचं वाक्य.

एक सवय राहिली. कुठलीही पिन लावण्याआधी ते ती उजव्या अंगठ्याने पुसायचे. लेकराचं नाक पुसावं तशी. धूळ असो नसो.

मुर्री हे माझं सासर. माझी जाऊ तिथेच राहते. तिथल्या विहारात आम्हा बायकांचं गाण्याचं मंडळ आहे. त्या वर्षी जयंतीच्या सकाळी आमचा कार्यक्रम होता. आम्ही वीस बायका दोन महिने तयारी करत होतो. दरवर्षी पुरुषांच्या कार्यक्रमाला चांगला आवाज मिळतो आणि बायका गायला लागल्या की कोणीतरी माइक तपासत बसतो. त्या वर्षी मी म्हटलं, आपले मास्तर येतील. मास्तर आनंदाने हो म्हणाले.

दोन दिवस आधी ते विहारात जाऊन बघून आले. त्यांचा एक बॉक्स आतल्या बायकांना पुरणार होता. बाहेरच्या मांडवात बसणाऱ्यांसाठी विहाराचा जुना बॉक्स लावायचा होता. त्याच्या मागे लाइटचं सॉकेट होतं.

"हा मी लावत नाई," मास्तर म्हणाले. "आधी याचं सॉकेट बदलतो, मंग."

सॉकेट नागपूरहून यायचं होतं. दुकानदाराने आठवडा सांगितला.

जाऊ म्हणाली, "तुह्या मास्तरचे लई नखरे आहेत बाई. बाहेरच्यांनी काय आमची तोंडं हलताना पाहाची?"

मला ते लागलं. मास्तरांसाठी नाही, आमच्या बायकांसाठी लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर बाहेर गेले होते. मी त्यांच्या डब्यातून अडीचच्या वायरीचा एक तुकडा घेतला. फिरकी शिल्लक नव्हती. मशीनच्या मागे जॅकचंही भोक होतं, म्हणून एका टोकाला जॅक लावला. दुसऱ्या टोकाला माझ्या जुन्या इस्त्रीची पिन काढून लावली. ज्या दोन पिना मास्तर बॉक्सला लावत नसत, त्या दोन्ही मी एकाच वायरीला लावल्या. काम मात्र चांगलं केलं. एकही तार बाहेर नव्हती. आणि मग सुईदोरा घेऊन दोन्ही टोकांना हिरवा काठ शिवला. काठ शिवायची काही गरज नव्हती. बॉक्सची वायर होती, म्हणून शिवला. हाताची सवय.

मास्तरांना मी सांगितलं नाही. विचार केला, ते गिटार घेऊन उभे राहिले की हळूच जोडू. आवाज बाहेर गेला की रागावतील, रागावू देत.

सकाळी बायकांनी विहार धुतला होता. फरशी ओलीच होती. मी वायर मशीनपासून विहाराच्या बॉक्सपर्यंत टाकून ठेवली, कुठेच न लावता. बॉक्स दाराशी, मांडवाकडे तोंड करून, लाइटच्या बोर्डाखाली उभा होता. मी माइकवाल्याला बोलवायला वळले. जाऊ तिथे झाडत होती. तिला बोर्डाखाली पिन पडलेली दिसली. तिला वाटलं निघून पडली. तिने ती बोर्डात घातली आणि बटन दाबलं. तिचं काय चुकलं? पिन बोर्डाचीच होती. मीही तेच केलं असतं.

मास्तर अनवाणी आले. मशीनजवळ आपण न टाकलेली वायर बघून थांबले. हिरवा काठ बघितला आणि उचलली. अंगठा सवयीने पिनेकडे निघाला. मग त्यांना तो जॅक दिसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाई, हे काय..."

एवढंच. अंगठा पिनेला टेकला आणि ते पडले.

खरं सांगते, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की आता मी सापडले. मग मूठ दिसली. जाऊ बोर्डाजवळच होती, दोन्ही हात तोंडावर. मी ओरडले, "बटन! अवं बटन!" ती हलली नाही. मी वायर मधोमध दोन्ही हातांनी धरली आणि ओढली, बैल खुंट्याला हिसका देतो तशी. पिन बोर्डातून निघाली आणि मी मागे आपटले. कंबर अजून दुखते.

मास्तरांचा श्वास चालत नव्हता. आमच्या मंडळात एक आशाताई आहे, गावातली आरोग्य कार्यकर्ती. ती सगळ्यांना बाजूला सारून त्यांच्या छातीवर बसल्यासारखी वाकली आणि दाबत राहिली. तोंडाने मोजत होती. आम्ही बाकीच्या उभ्या होतो, कार्यक्रमाच्या पांढऱ्या साड्या नेसून. मी मास्तरांच्या पायांकडे बघत होते. मग डाव्या पायाची बोटं हलली.

सरकारी दवाखान्यात चार दिवस होते. तळहात आणि अंगठा जळला होता. दुसऱ्या दिवशी विहाराच्या कमिटीची माणसं आली. अध्यक्षांनी विचारलं, वायर कोणाची होती?

"माझी," मास्तर म्हणाले.

"जोडली कोणी?"

"माह्या वायरी मीच करतो."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले होते. म्हटलं, "खोटं कायले बोलता जी? वायर मी केली."

अध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. त्यांना वाटलं मी जावेला वाचवून राहिले. म्हातारी, चौथी शिकलेली, ही काय वायर करणार. ते मास्तरांना म्हणाले, आता तरी चांगल्या वायरी घ्या. मास्तरांनी मान हलवली. ज्या माणसाने शेटची तीन बंडलं खरवडली होती, त्याने हे ऐकून घेतलं. मला तेव्हा त्यांचा फार राग आला.

माणसं गेल्यावर मास्तर म्हणाले, "वायर आणली का?"

पिशवीत होती. त्यांनी डाव्या हाताने खूण करून मला जॅक उघडायला लावला आणि आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"वळण चांगलं हाय."

मी जॅकचं झाकण परत फिरवून बसवलं.

"एक सांगू का बाई? फिरकी असती तं तुमाले ओढून निघाली नसती. मी तेथीच गेलो असतो."

"फिरकी असती तं बोर्डात गेलीच नसती," मी म्हटलं. "उगाच माह्या बाजूनं बोलू नका."

ते हसले. हसताना छाती दुखली, तरी हसले. मग नर्सकडून कैची मागवून मला दिली आणि काठ उसवायला सांगितला. दोन्ही पिना काढायला सांगितल्या. "वायर फेकू नका. अडीचची हाय."

नागपूरचं सॉकेट आलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने विहाराच्या बॉक्सला बसवलं आणि त्याच वायरीला दोन फिरक्या लावल्या. टोकं मी वळली. काठ नवीन शिवला, पण मास्तरांनी दोन्ही टोकं आपल्या डोळ्यांनी बघितल्यावर. पुढच्या महिन्यात आम्ही गायलो. बाहेरच्या मांडवात, आणि त्याच्याही पलीकडे रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. जाऊ म्हणाली, एवढ्या जोरात कायले पायजे होतं?

मास्तरांच्या उजव्या अंगठ्याला आता काही कळत नाही. पिन डाव्याने पुसतात. तीन वर्षांपूर्वी ते बालाघाटला बहिणीकडे राहायला गेले. कधी फोन येतो. साखरेच्या डब्याचं झाकण विचारतात. मी सांगते, अजून ढिलंच आहे.

मुर्रीत काही लोक म्हणतात मास्तरच्या खराब वायरीने मास्तरला धरलं. काही म्हणतात, हळू आवाजात, की जावेने केलं. ती अजून कुठल्या बोर्डाला हात लावत नाही. पंखा लावायचा असला तरी सुनेला हाक मारते.

वायर मी केली होती. जावेने लावली. मास्तरांनी उचलली. आम्ही तिघंही जिवंत आहोत.